कंटेनरचा काटा जालन्यातच झाला पाहिजे

२०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ नावाचं जहाज बुडालं आणि त्याच्यावरचे कंटेनर कोल्लम-आलप्पुळाच्या किनाऱ्याला येऊन लागले, तेव्हा आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. एवढा लोखंडी डबा, त्यात वीस-पंचवीस टन माल, तो पाण्यावर तरंगतोच कसा? उत्तरं पण एक से एक आली, कोणी म्हणे आत गॅस भरलेला असतो, कोणी म्हणे रिकामेच होते सगळे, विम्यासाठी टाकले. प्रश्न मात्र चांगला होता. त्याच्या मागं मागं नीट गेलं की माणूस समुद्रावरून निघून थेट जालन्याच्या एमआयडीसीत येऊन पोचतो, कारण डबा तरंगणार का बुडणार, जहाज सरळ राहणार का कलणार, ट्रेलर वळणावर उलटणार का नाही, सगळा मामला वजनाचा आहे आणि वजन कंटेनरच्या बाहेरून दिसत नाही. ते जिथं माल भरतात तिथंच खरं किंवा खोटं ठरतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचा काटा बंदरावर पोचल्यावर किंवा कागदावर न होता इथंच, भरल्या जागेजवळ, सरकारी शिक्क्याच्या काट्यावर झाला पाहिजे. जालन्याला ड्रायपोर्ट ड्रायपोर्ट (म्हणजे समुद्रापासून लांब, जमिनीवरचं कंटेनरचं बंदर) करत २०१५ मध्ये पायाभरणी झाली, नंतरची वर्षं वाट बघण्यात गेली. तिथं सगळ्यात आधी काय पाहिजे असं मला विचारलं तर मी क्रेनच्या आधी काटा सांगेन.

आधी मापाचं बोलू, कारण मापात काही भानगडच नाही. अमेरिकेत माल्कम मॅकलीन म्हणून एक ट्रकवाला होता, त्यानं २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कवरून ह्यूस्टनला पाठवले, तिथून हा सगळा धंदा सुरू झाला. त्याचे डबे ३५ फुटी होते, दुसऱ्या कंपन्यांचे वेगळेच, मग साठच्या दशकात आयएसओनं, म्हणजे मापं-दर्जा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, मापं बांधून दिली आणि आज आपण वीस फुटी आणि चाळीस फुटी म्हणतो ती चालू झाली. वीस फुटी म्हणजे लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८, उंची २.५९१. चाळीस फुटीची लांबी १२.१९२, बाकी तेवढंच. हायक्यूब असेल तर उंची एक फूट जास्त. कोपऱ्यातली ती भोकाची लोखंडी ठोकळी, जिच्यात डबा अडकवायचा फिरता खटका म्हणजे ट्विस्टलॉक बसतो, ती सगळीकडं एकाच अंतरावर, मग डबा माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत असो, न्हावाशेवाला असो नाहीतर रॉटरडॅमला. सेंटीमीटर इकडंतिकडं झाला तर क्रेन उचलणारच नाही, त्यामुळं मापात खोटं बोलायची सोयच नाही कोणाला.

वजनात आहे. आणि इथं पहिली गंमत जी बऱ्याच जणांना माहीत नसते, अगदी रोज गाड्या भरणाऱ्यांना पण, ती अशी की चाळीस फुटी डबा वीस फुटीच्या दुप्पट मोठा असला तरी दुप्पट माल घेत नाही. दोघांची माल धरून जास्तीत जास्त वजनाची मर्यादा आता साधारण एकच आहे, ३०.४८ टन (काही नव्या चाळीस फुटींना थोडी जास्त असते, जुन्या वीस फुटींना २४ टनच होती, दारावरची पाटी वाचायची). रिकामा वीस फुटी सव्वादोन टनाच्या आसपास, रिकामा चाळीस फुटी पावणेचार. म्हणजे हिशोबानं वीस फुटीत २८ टन माल बसतो आणि चाळीस फुटीत त्याच्यापेक्षा कमीच, २६-२७ टन. म्हणून जड मालाला वीस फुटी, हलक्या मालाला चाळीस फुटी. जालन्याच्या भट्ट्यांसाठी बाहेरून जो स्क्रॅप येतो त्याला वीस फुटी बरा, वाळूजच्या मोटरसायकली, फ्रिजचे खोके, कापडाचे तागे असला माल डबा छतापर्यंत भरला तरी वजनाची मर्यादा गाठत नाही. स्टीलचं उलट, डबा दिसायला रिकामा आणि वजन फुल्ल. लोखंड घनमीटरला पावणेआठ टनाच्या वर जातं, म्हणजे २६ टन लोखंडाला जागा लागते साडेतीन घनमीटरपण नाही, आणि वीस फुटीच्या आत जागा आहे ३३ घनमीटर. दार उघडून बघणाऱ्याला वाटेल अजून लै माल बसतो की. हेच ते, नजर फसते, आणि नजरेवर भरणारे लोक आपल्याकडं कमी नाहीत.

आता तरंगण्याचं. आपल्याकडं विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचे ते आठवा, नुसतं डबा किती जड यावर काही ठरत नाही, त्या वजनाच्या मानानं तो किती पाणी बाजूला सारतो आणि त्याचं झाकण झाळलेलं आहे का नाही यावर पोरगं वर राहतं. कंटेनरचं तेच. वीस फुटी डब्याचा बाहेरून आकार धरला तर ३८ घनमीटरच्या वर भरतो, समुद्राचं खारं पाणी घनमीटरला १०२५ किलो, म्हणजे पूर्ण पाण्याखाली गेला तर तो ३९ टन पाणी बाजूला सारणार. आणि त्याचं स्वतःचं वजन मालासकट ३०.४८ च्या वर जायला परवानगीच नाही. म्हणजे नियमात भरलेला, पाणी न शिरणारा कंटेनर बुडूच शकत नाही, त्याचा दोन मीटर भाग पाण्यात आणि अर्धा-पाऊण मीटर वर राहील. चाळीस फुटी तर त्याहून मजेशीर, पूर्ण भरलेला असला तरी एकच मीटर पाण्यात आणि दीड मीटरच्या वर बाहेर. रिकामा वीस फुटी सोडला तर तो वीतभरच पाण्यात जाईल. नाथसागरात सोडला तर गोडं पाणी हलकं म्हणून भरलेला डबा चार-पाच सेंटीमीटर जास्त बसेल, एवढाच फरक.

पण "पाणी न शिरणारा" हा शब्दच खोटा आहे. कंटेनर पावसापुरता बंद असतो. दाराला रबर असतं, वरच्या बाजूला हवेची बारीक छिद्रं असतात, खाली प्लायवूडचा फ्लोअर असतो, आणि जहाजावरून पडताना डबा कुठंतरी चेपतो, फाटतो. मग हळूहळू पाणी शिरतं. मग आत काय आहे यावर ठरतं. स्टीलचा असेल तर आतली हवा गेली की खेळ खलास, सरळ तळाला. कापसाच्या गाठींचा असेल तर गाठीत हवा अडकलेली असते, तो पाणी पीत पीत बराच वेळ टिकणार. थर्मोकोल, फोम असलं काही असेल तर तो बुडतच नाही, आणि रीफर म्हणजे आपला थंडा कंटेनर, ज्याच्यातून द्राक्षं-केशर आंबा जातो, त्याच्या भिंतीतच फोम भरलेला असतो म्हणून तोही लवकर जात नाही. सगळ्यात वाईट तो जो धड बुडत नाही धड तरंगत नाही, पाठ तेवढी पाण्याच्या पातळीला ठेवून फिरत राहतो, रात्री मासेमारीच्या बोटीला दिसत नाही, रडारलापण नीट दिसत नाही.

हे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेलंय, लोक विसरले. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशीच एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, चित्रा कलली आणि तिच्यावरचे दोनशेच्या वर कंटेनर पाण्यात गेले. काही तरंगत राहिले, काही चॅनलच्या तळाला बसले. त्यात कीटकनाशकं असलेलेपण होते. तेल सांडलं ते वेगळंच. मुंबई बंदर आणि जेएनपीटी दोन्ही काही दिवस बंद ठेवावे लागले, कारण तळाशी कुठं डबा बसलाय ते माहीत नसताना दुसरं जहाज आत घ्यायचं कसं. बंदर बंद म्हणजे आपलापण माल बंद, समुद्रापासून चारशे-पाचशे किलोमीटर आत राहतो म्हणून आपल्याला काय त्याचं असं म्हणून चालत नाही. आणि कोचीच्या त्या जहाजावर ६४० कंटेनर होते, त्यातले १३ धोकादायक मालाचे, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. तेच कार्बाइड ज्यानं आंबे पिकवायला बंदी आहे आणि तरी पिकवतात. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगचा गॅस. असला डबा तरंगत किनाऱ्याला आला आणि पोरं उघडायला गेली तर काय, म्हणून केरळ सरकारनं लोकांना लांब राहायला सांगितलं.

आकडे सांगायचे तर समुद्रात पडणारे कंटेनर एकूण धंद्याच्या मानानं काहीच नाहीत, शिपिंगवाल्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशोबानं २०२३ मध्ये २२१ आणि २०२४ मध्ये ५७६, आणि वर्षाला हलतात पंचवीस कोटींच्या आसपास. त्यामुळं मी काही समुद्राचं भ्या घालत नाही तुम्हाला. मला समुद्र यासाठी पाहिजे की तिथं वजनाचं खोटं उघडं पडतं, रस्त्यावर ते झाकलं जातं.

२००७ च्या जानेवारीत इंग्लिश खाडीत एमएससी नापोली नावाच्या जहाजाला वादळात तडा गेला, ते डेव्हनच्या किनाऱ्याला नेऊन टेकवलं. लोकांनी तिथून नवीकोरी मोटरसायकलपण पळवली, ती बातमी जास्त गाजली. पण ब्रिटिश तपासवाल्यांनी एक काम केलं, डेकवरचे जे साडेसहाशेच्या वर कंटेनर कोरडे राहिले होते ते सगळे काट्यावर घातले. त्यातल्या १३७ डब्यांचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनाहून जास्त फरकाचं निघालं, म्हणजे पाचातला एक. सगळ्यात मोठा फरक २० टनांचा. वीस टन! म्हणजे कागदावर हलकाफुलका आणि आत लोखंड. त्या १३७ चं मिळून कागदापेक्षा ३१२ टन जास्त भरलं. आता खरं सांगायचं तर जहाज मोडायचं मुख्य कारण त्याच्या सांगाड्याची रचना होतं, एकट्या वजनामुळं मोडलं नाही, तपासवाल्यांनी तसंच लिहिलंय. पण जहाजाचा लोड कसा बसवायचा ते कॅप्टन आणि प्लॅनर त्या कागदावरून ठरवतात, जड डबे खाली, हलके वर, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो. कागद खोटा असला की जड डबा सगळ्यात वर जाऊन बसतो आणि कोणालाच माहीत नसतं. खालच्या डब्यावर किती भार चालतो तेपण पाटीवर लिहिलेलं असतं, बऱ्याच डब्यांवर १,९२,००० किलो असं दिसेल, तो हिशोबपण वरचे डबे खरं वजन सांगतात असं धरूनच केलेला.

असल्या प्रकरणांमुळंच मग सोलास करारात, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, बदल झाला आणि १ जुलै २०१६ पासून नियम आला की व्हीजीएम, म्हणजे व्हेरिफाइड ग्रॉस मास, दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढणार नाही. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. आणि १ जानेवारी २०२६ पासून समुद्रात कंटेनर पडला तर कळवणंपण सक्तीचं झालंय. तर मग अडचण कुठं आहे? नियम तर झाला की.

अडचण अशी आहे की व्हीजीएम काढायच्या दोन पद्धती चालतात. पहिली, भरलेला डबा काट्यावर घाला. दुसरी, आतल्या एकेका मालाचं, पॅलेटचं, लाकडाचं, बांधायच्या पट्ट्यांचं वजन करा, त्यात डब्याचं रिकामं वजन मिळवा. दुसरी पद्धत कारखान्यात एकसारखा माल बनत असेल तर एकदम बरोबर, मोटरसायकलचं वजन काही रोज बदलत नाही. पण आपल्याकडं सोयाबीनची पेंड, मका, डाळ, गाठी, सळई, असला माल जातो, त्यात दुसरी पद्धत म्हणजे पोती गुणिले पन्नास करायचं आणि सही ठोकायची. पोत्यात पन्नास भरलंय का बावन्न, ओल किती, कोण बघतंय. पहिली पद्धत वापरली तरी हायवेच्या कडेच्या काट्यावरचा माणूस "किती टाकू?" असं विचारणारा भेटतोच, ज्यांनी गाड्या चालवल्यात त्यांना विचारा. सगळेच तसे नाहीत, पण तसे आहेत हे कोणी नाकारणार नाही.

आता कोणी म्हणेल की खोटं वजन लिहून मिळतं काय? समुद्राचं भाडं तर बहुतेक डब्यावर असतं, टनावर नाही. बरोबर. पण जमिनीवर तसं नाही. रेल्वेनं डबा पाठवला तर भाडं वजनाच्या स्लॅबप्रमाणं, स्लॅबच्या एक टन खाली लिहिलं की पैसे वाचले. रस्त्यानं पाठवला तर आरटीओची मर्यादा. २०१८ ला केंद्रानं एक्सलचा भार वाढवून दिला, आता सहा एक्सलच्या ट्रेलरला, म्हणजे पुढचा एक, घोड्याचे (ओढणाऱ्या गाडीचे) मागचे दोन आणि ट्रेलरचे तीन, सगळं मिळून ५५ टन चालतं. घोडा आणि ट्रेलर स्वतःच पंधरा टनाच्या आसपास. राहिले चाळीस. आता एका ट्रेलरवर दोन वीस फुटी ठेवले आणि दोन्ही पाटीवरच्या मर्यादेपर्यंत भरले तर त्यांचेच होतात ६१ टन, गाडी धरून ७६. म्हणजे समुद्रासाठी, क्रेनसाठी, जहाजासाठी एकदम कायदेशीर असलेले दोन डबे आपल्या रस्त्यावर वीस टनानं बेकायदेशीर. ही फट लै लोकांच्या लक्षात येत नाही. पाटीवरचा आकडा डब्याची ताकद सांगतो, रस्त्याची सांगत नाही. आणि एकाऐवजी दोन गाड्यांचं भाडं द्यायला कोणाच्या जिवावर येत नाही?

रस्त्याचं काय होतं त्याचापण हिशोब झालेला आहे. अमेरिकेत १९५८ ते ६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्याच्यावर ट्रक फिरवून बघितले, तिथून जे निघालं ते असं की एक्सलवरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे भार वीस टक्के जास्त तर नुकसान दुप्पट. तो रस्ता आपल्या टोलमधून आणि करातून दुरुस्त होतो, डब्यातल्या जास्तीच्या चार टनाचा नफा मात्र एकाच्याच खिशात. समृद्धीवर इगतपुरीजवळ बोगदा झाला म्हणून घाट टळला असं म्हणतात, ठीक आहे, पण सगळ्या गाड्या समृद्धीनं जात नाहीत, टोल वाचवायला अजून जुन्या रस्त्यानं कसारा उतरणारे आहेत, नगर-पुण्याकडून बोरघाट उतरणारे आहेत. उतारावर ब्रेकला खरं वजन कळतं, कागदावरचं नाही.

आणि या सगळ्या साखळीत वजन सगळ्यात शेवटी कोणाला कळतं, तर ड्रायव्हरला. बहुतेक वेळा कळतच नाही. सील लागलेला डबा त्याच्या गाडीवर ठेवतात, हातात कागद देतात, निघ म्हणतात. ओव्हरलोडला पकडला तर मोटार वाहन कायद्यात २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड, तो गाडीवाल्यावर. कायद्यात तशी गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही येतात, पण चालवायला लावणारा एसीत बसलेला असतो, रस्त्यावर उभा असतो तो लातूर-बीडचा पोरगा. आत माल एका बाजूला जास्त भरलाय का, मधोमध आहे का, हेपण त्याला माहीत नसतं, आणि एका बाजूला झुकलेला डबा वळणावर काय करतो ते सांगायची गरज नाही.

आपल्याकडं काट्याचं महत्त्व कळत नाही असं अजिबात नाही हो. उसाच्या काट्यावरून केवढा राडा होतो दरवर्षी. क्विंटलभर कमी भरलं असा संशय आला तरी शेतकरी खासगी काट्यावरून वजन करून येतो, आंदोलनं होतात, भरारी पथकं निघतात. बाहेरून आलेला स्क्रॅपचा डबा जालन्याच्या कारखान्याच्या गेटवर येतो तेव्हा तिथं किलोचा हिशोब होतो, भरलेली गाडी, रिकामी गाडी, दोन्ही काटे, कारण पैसे टनावर द्यायचेत. तोच कारखानदार, तोच काटा, पण जाताना निर्यातीचा डबा असला की वजन अंदाजपंचे. कारण जाताना खरं वजन कळण्यात कोणाचा फायदा नाही. ज्याच्यावर पैसे ठरतात ते वजन आपण तोलतो, ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव ठरतो ते नुसतं लिहितो. काटा आहे, माणूस आहे, वीज आहे, फक्त मोजायला कोणी लावत नाही.

यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकलेत. एक म्हणजे बंदरावर काटा आहेच, टर्मिनलच्या गेटवर वजन होतंच, मग इथं डबल कशाला. अहो पण तोपर्यंत तो डबा चारशे किलोमीटर आलेला असतो, रस्ता तुडवून झालेला असतो, घाट उतरून झालेला असतो. आणि तिथं फरक निघाला तर? जहाजाचा कटऑफ (डबा आत घ्यायची शेवटची वेळ) चार तासांवर, बाहेर ट्रेलरची रांग, सीएचए म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट फोनवर फोन करतोय, अशा वेळी चार टन माल काढून परत जालन्याला कोण पाठवणार? कागद दुरुस्त होतो, माल नाही. हेच वजन भरल्यावर तासाभरात इथं कळलं तर चार टन उतरवून ठेवायला हमाल आहेत, गोडाऊन आहे, दुसरा डबा आहे.

दुसरा आक्षेप छोट्या निर्यातदाराचा, आणि तो मला पटतो काही प्रमाणात. शेतकरी उत्पादक कंपनी आहे, वर्षाला थोडेच डबे पाठवते, तिला अजून एक खेप, अजून एक रांग, अजून एक साहेब. साहेब वाढवायला माझापण विरोधच आहे, कारण जिथं साहेब बसतो तिथं "किती टाकू"चा भाव फक्त वाढतो. म्हणून मी माणूस बसवा म्हणत नाही, काटा जोडा म्हणतो. वैधमापनवाल्यांचा वर्षाचा शिक्का असलेला काटा, त्याच्यावर गाडी चढली की नंबरप्लेटचा आणि कंटेनर नंबरचा फोटो, वजनाचा आकडा मधे कोणाच्या हाताला न लागता शिपिंग लाइनला, टर्मिनलला आणि गाडीवाल्याच्या मोबाइलवर. एक्सलवार वजन मिळालं तर अजून चांगलं, म्हणजे माल पुढं जास्त भरलाय का मागं तेपण कळेल. पहिली काही वर्षं छोट्यांना फुकट करा, ड्रायपोर्टच्या खर्चात काट्याचा खर्च दिसणारपण नाही. आणि ज्याचा माल एकसारखा आहे, मशीनचा आहे, त्याला दुसरी पद्धत वापरू द्या, फक्त अधूनमधून चिठ्ठी काढून त्याचापण एखादा डबा काट्यावर घाला. नुसता धाक म्हणून.

तिसरा आक्षेप खासगीत बोलतात. आपण खरं वजन लिहायला लागलो आणि गुजरातवाल्यांनी नाही लिहिलं तर आपला माल महाग पडणार, मराठवाडा आधीच मागास, त्यात अजून बेड्या कशाला. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, भाड्यात फरक पडेल पहिल्यांदा. पण याच्यात एक गोष्ट धरत नाहीत, आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून आपलं नुकसान जास्त आहे. बंदराला लागून असलेल्या कारखान्याचा डबा खोट्या वजनानं वीस किलोमीटर चालतो, आपला चारशे, नांदेडचा अजून लांब. जितका लांब रस्ता तितके टायर, तितके ब्रेक, तितका डिझेल, तितकी पकडले जायची शक्यता. शिवाय मागास मागास म्हणून जो माल दुसरीकडं चालत नाही तो आपल्याकडं चालवायचा, जो नियम दुसरीकडं पाळतात तो आपल्याकडं पाळायचा नाही, असं किती दिवस चालवायचं? तसंही रेल्वेनं जास्त डबे गेले तर हा रस्त्याचा अर्धा प्रश्न सुटतो, पण रेल्वेतसुद्धा स्लॅबचं खोटं आहेच, म्हणून काटा दोन्हीकडं लागतो.

मला विचाराल तर सुरुवात मोठी करायची गरजच नाही. पुढच्या वेळी ड्रायपोर्टचा आढावा घ्यायला पालकमंत्री येतील, खासदार येतील, नकाशा लावतील, किती एकर, किती कोटी ते सांगतील, तेव्हा उद्योजक संघटनेच्या माणसानं दोनच गोष्टी विचाराव्यात. गेटवरचा काटा आत येणाऱ्या गाडीसाठी आहे का बाहेर जाणाऱ्यापण? आणि त्याचा आकडा ड्रायव्हरला दाखवणार का? पहिल्याचं उत्तर इंजिनिअर लगेच देईल. दुसऱ्याला थोडी कुजबुज होईल, कोणीतरी म्हणेल ते एसओपीमध्ये (कामाच्या नियमावलीत) बघू. तिथंच थांबू नका, एसओपीमध्ये कोणत्या पानावर ते लिहून घ्या.